डाव्या गालावरचा तीळ

सकाळी डोळे उघडले की साय आधी उशीकडे बघायची, आरशाकडे नंतर. पांढऱ्या अभ्र्यावर रात्रीतून काय काय सांडलंय ते तिथे सगळं दिसायचं. पिवळा डाग म्हणजे पू, तपकिरी म्हणजे रक्त, आणि कपडा नुसताच कडक झाला असेल तर ती लस. एखाद्या सकाळी गालच अभ्र्याला चिकटलेला असे. तो सोडवताना वाळलेली खपली निघायची आणि सगळं परत पहिल्यापासून सुरू. मग ती तो अभ्रा दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात लांब करून बादलीत नेऊन टाकायची, मेलेला उंदीर टाकावा तसा. आपल्याच चेहऱ्यातून हे बाहेर आलंय या विचाराने तिला नाश्ता नकोसा व्हायचा.

साय हे तिचं घरातलं नाव. ती तान्ही असताना तिची कातडी बघून बापाने ठेवलेलं, दुधावरच्या सायीवरून. नाव ठेवताना पुढचा विचार कोण करतो म्हणा. बाप फोटोग्राफर होता. बाजाराच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ होता आणि स्टुडिओच्या काचेत सायचा आठ महिन्यांची असतानाचा फोटो अजून टांगलेला होता. टम्म गाल, ओले ओठ, आणि डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला, मोहरीएवढा तीळ. बायका काचेपाशी थांबून म्हणायच्या, काय गं बाई गोड. त्याच बायका आत येऊन कात्रीने पासपोर्ट फोटो कापत बसलेल्या सोळा वर्षांच्या सायकडे बघायच्या आणि घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायच्या. आता कुणी साय म्हणून हाक मारली की तिला वाटायचं, ही आपली थट्टा चाललीय. दुधावरची साय तर तिने केव्हाच सोडली होती. ती नुसती ओठाला लागली तरी तिला शहारे यायचे.

आणि हे मुरूम नव्हते, हे एकदा सांगायला हवं. मुरूम वर्गातल्या इतर मुलींना यायचे. परीक्षेच्या तोंडावर, हनुवटीवर, एखादाच, आणि त्या त्याचं एवढं कौतुक करायच्या की जणू पाहुणाच आलाय. सायला यायच्या त्या गाठी. कातडीखाली खोल, वाटाण्याएवढ्या, तोंड नसलेल्या, जांभळट. एक जबड्याच्या कडेला, दोन गालावर, एक कानाच्या पाळीखाली. घास चावला तरी ठणकायच्या. कुशीवर झोपायची सोय नाही, केस पुसायची सोय नाही, मोठ्याने हसायची तर मुळीच नाही. त्यातली एखादी आठवडाभराने मऊ पडायची आणि आपणहून फुटायची, बहुतेक वेळा वर्गात. बाकावरची शेजारीण एकदा हळूच सरकली आणि मग तिने विचारलं, हे लागतं का गं दुसऱ्याला. साय नाही म्हणाली. शेजारीण बरं म्हणाली आणि परत आली नाही.

फुकटच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. आत्या दर रविवारी यायची, सायची हनुवटी उचलायची, नाक मुरडायची आणि म्हणायची की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तिने लिंबू चोळायला लावलं, बर्फ लावायला लावला, एकदा रात्रभर टूथपेस्ट थापून ठेवायला लावली. सकाळी गाल भाजल्यासारखा लाल झाला आणि वरची कातडी सोलून आली. आत्या म्हणाली, घाण बाहेर पडतेय, पडू दे. त्या दिवसापासून सायने आत्याला चार हात लांब ठेवलं.

शेवटी आईने पोस्टातून रजा काढली. ती पोस्टात खिडकीवर बसायची, तिला रजा म्हणजे दिव्य. दोघी बसने मोठ्या शहरात गेल्या, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी हात धुतले आणि सायचा चेहरा सरळ बोटांनी चाचपला, गाठ गाठ दाबून, भाजीवाल्याकडे टोमॅटो बघावेत तसा. वर्षभरात सायच्या गालाला कुणी तोंड वाकडं न करता हात लावला नव्हता. तिला तिथेच रडू येईल असं वाटलं, पण तिने ते गिळलं.

बाई म्हणाल्या की ही घाण नाही. ही तेलाच्या ग्रंथींची भानगड आहे, वयाची आहे, थोडी घराण्याची आहे, आणि तू तोंड कमी धुतेस म्हणून काही हे झालेलं नाही. जास्त धुतलंस, घासलंस तर मात्र आणखी बिघडेल. मग त्यांनी सगळं लिहून दिलं. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, तोही हाताने, कापडाने नाही. सकाळी एक जेल, रात्री दुसरं, तेही वाटाण्याएवढंच, सगळ्या तोंडाला मिळून. त्यावर बिनतेलाचं क्रीम, बाहेर पडताना उन्हाचं क्रीम. रोज एक गोळी, पोटभर पाणी पिऊन, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. अभ्रा वरचेवर बदलायचा. केस कपाळावर येऊ द्यायचे नाहीत. आणि काहीही झालं तरी फोडायचं नाही.

"याने आटोक्यात आलं तर उत्तम," बाई म्हणाल्या. "नाही आलं तर याहून कडक गोळी द्यावी लागेल, आणि ती वेळेवर द्यावी लागेल. या खोल गाठी जाताना खड्डे ठेवून जातात. ते मग भरून येत नाहीत."

दर वेळी एवढ्या लांब यायला नको म्हणून त्यांनी सांगितलं की दर पंधरा दिवसांनी तीन फोटो पाठवत जा, समोरून, डावीकडून, उजवीकडून. औषध वाढवायचं की बदलायचं ते मी त्यावरून ठरवेन. आई लगेच म्हणाली, फोटोची काळजीच नको, हिचे बाबा फोटोग्राफर आहेत. बाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, मग तर छानच झालं.

सायने ते सगळं डोळ्यांत तेल घालून पाळलं. एवढं मन लावून तिने कुठल्या परीक्षेचा अभ्यास केला नसेल. जेलने तोंड कोरडं पडून नाकाच्या कडा सोलायला लागल्या, टॉवेलांचे रंग उडून त्यावर पांढरे चट्टे पडले, उन्हाच्या क्रीमने ती भिंतीला चुना लावल्यासारखी दिसायला लागली, पण ती एकही दिवस चुकली नाही. गाठ ठणकायला लागली की ती बोटं मांडीखाली दाबून बसायची.

फोटोच्या दिवशी ती स्टुडिओत पांढऱ्या कागदापुढच्या स्टुलावर बसायची. बाप दोन्ही बाजूंनी छत्रीचे दिवे लावायचा आणि कॅमेऱ्यामागून बोलायचा, हनुवटी खाली, थोडी डावीकडे, बस. गिऱ्हाइकाशी बोलावं तसाच. तीन वेळा बटण दाबायचा आणि म्हणायचा, झालं, जा तू. फोटो तो नंतर कॉम्प्युटरवरून स्वतःच पाठवायचा. डॉक्टरीणबाईंचं उत्तर यायचं ते आईच्या फोनवर.

पहिलं उत्तर आलं, छान फरक आहे, हेच चालू ठेवा. आईने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. सायने गालाला हात लावला. जबड्याची गाठ होती तिथेच होती, उलट तिच्या शेजारी नवीन एक उगवत होती. फरक कुठे आहे, ती म्हणाली. आई म्हणाली, अगं, धीर धर जरा, त्यांना जास्त कळतं की तुला.

दुसरं उत्तर आलं, फारच छान. मग तिसऱ्या वेळी बाईंनी लिहिलं की गोळी आता बंद करा, तिची गरज दिसत नाही. गोळी बंद झाली आणि महिन्याभरात सायच्या तोंडाचा उकिरडा झाला. दुसरा शब्द नाही त्याला. कपाळ सोडून जागा उरली नाही. गाठीला गाठ जोडून गालावर लांबट दोर तयार झाले, दाबलं की एका टोकाला पू आणि दुसऱ्या टोकाला रक्त. तिला स्वतःच्या चेहऱ्याचा वास यायला लागला. औषधाचा आंबूस वास आणि त्याखाली आणखी एक, जुन्या जखमेचा. ती वर्गात शेवटच्या बाकावर, उघड्या खिडकीजवळ एकटीच बसायला लागली.

आईला डोळे नव्हते असं नाही. तिला दिसत होतं. पण तिने मनाशी एक हिशोब मांडला होता, की फोटोच्या दिवशी बरं असतं म्हणजे मधल्या दिवसांत ही पोरगीच नखं लावून उकरत असणार. तिने सायची नखं कापली. मग बाथरूमच्या दाराला कान लावून उभी राहायला लागली. साय शपथा घेऊन थकली. मग एका खेपेला फोटो गेल्यावर आईने बाईंना कळवलं की मुलगी फार रडते, फार तक्रार करते. त्यावर उत्तर आलं, फोटोत चेहरा जवळजवळ स्वच्छ आहे, या वयात मुलींना आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आरशात कमी बघू द्या, गरज पडली तर समुपदेशकाकडे न्या.

आईने हेही जेवताना वाचलं, पण या वेळी हळू आवाजात. सायने बापाकडे बघितलं. तोच एक फोटो काढणारा. त्याने तरी म्हणावं, की अहो, काहीतरी चुकतंय. बाप ताटात बघत होता.

"डॉक्टर म्हणताहेत तर असेल तसं," तो म्हणाला आणि पाणी आणायला उठला. तांब्या ताटाशेजारी भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी आईने बाथरूममधला आरसा काढून कपाटावर टाकला. पण बोटं होतीच. साय अंधुक बाथरूममध्ये उभी राहून गाल चाचपायची आणि विचार करायची की हे सगळं खरं आहे की नाही. डॉक्टर खोटं कशाला बोलतील. फोटो खोटा कसा असेल. मग राहिलो आपणच. म्हणजे आपलंच डोकं फिरलंय. ती गाठ मुद्दाम जोरात दाबायची. ठणका कानापर्यंत जायचा. तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं, की निदान दुखणं तरी खरं आहे.

एका सकाळी तिला ताप भरला. जबडा सुजून मान वळेना आणि डावा डोळा अर्धासुद्धा उघडेना. आई हबकली. अभ्र्याकडे तिने एकदा बघितलं, तोंडावर पदर धरला आणि पोस्टात फोन करून, काही न विचारता तिला घेऊन बसमध्ये बसली. वेळ घेतलेली नव्हती. दवाखान्यात बराच वेळ बाकावर बसून राहावं लागलं आणि समोरच्या बाकावरचं एक लहान मूल सायकडे बघून आईच्या कुशीत तोंड लपवत राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली, सायकडे बघितलं आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या. मग त्यांनी फोन उचलला, त्यात काहीतरी शोधलं, फोनकडे बघितलं, परत सायकडे बघितलं.

"हे फोटो कुणाचे आहेत?" त्यांनी विचारलं आणि फोन दोघींकडे वळवला.

फोनमध्ये एक मुलगी होती. तिचं नाक सायचं होतं, शर्ट सायचा होता, कानातलं तेच होतं. पण तोंड सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. एक फोड नाही, एक डाग नाही, कातडीला असतं ते साधं छिद्रसुद्धा नाही. ती शांत नजरेने समोर बघत होती. साय तिच्याकडे बघत राहिली. कुठल्याही अभ्र्याची आली नव्हती एवढी किळस तिला त्या गुळगुळीत मुलीची आली. गेले कित्येक महिने हिला औषध चाललं होतं. हिची गोळी बंद झाली होती. ही बरी होती म्हणून घरातला आरसा काढला गेला होता.

"माझा तीळ कुठाय?" साय म्हणाली.

आईने फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. डाव्या गालावर, नाकाच्या बाजूला, काहीच नव्हतं. फोड पुसता पुसता तोही पुसला गेला होता. आईचा चेहरा उतरला.

"हिच्या बाबांनी काढलेत," ती कशीबशी म्हणाली. "ते टचिंग करतात, फोटोतले डाग पुसतात. म्हणजे, त्यांचा धंदाच तो आहे."

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावलेल्या होत्या हे दिसत होतं, पण आवाज चढवला नाही. "मी या फोटोंवर हिचं औषध बंद केलं," त्या म्हणाल्या. मग सायकडे वळल्या. "आणि आरशात कमी बघ असं लिहिलं. मी तुला बोलावून घ्यायला हवं होतं. ते मी परत घेते. तुला जे दिसत होतं ते तसंच होतं."

सायने मान हलवली.

मग बाईंनी तपासलं. डाव्या गालावर बोट ठेवून त्या म्हणाल्या की हे दोन आणि हा एक, हे खड्डे आता राहणार, बाकीचं वाचवता येईल. जबड्याची गाठ त्यांनी सुई घालून उतरवली आणि तापासाठी औषध दिलं. रक्ताच्या तपासण्या करून कडक गोळी सुरू करायचं ठरलं. ओठ फुटतील, नाक कोरडं पडेल, आणि पहिला महिना आहे त्यापेक्षा जास्त उसळी येईल, तेव्हा घाबरून गोळी सोडायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. महिन्याने परत फोटो. साध्या फोनवर, खिडकीजवळ, घरात कुणीही काढा, त्या म्हणाल्या. फक्त हिच्या बाबांकडून नको.

घरी पोचल्यावर जे काही बोलायचं होतं ते तिने नवऱ्याला एका दमात सुनावलं, आणि शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. बापाने आधी कानावर हात ठेवले. म्हणाला, मी फक्त उजेड नीट केला. मग म्हणाला, सवयीने झालं. दुकानातून बाहेर जाणारा एकही फोटो मी साफ केल्याशिवाय देत नाही, हात आपोआप चालतो. शाळेतल्या निम्म्या पोरी रांग लावतात, काका, माझा तेवढा फोड काढा म्हणून. पहिल्या वेळी खरंच सवयीने झालं.

"आणि दुसऱ्या वेळी?" सायने दारातूनच विचारलं.

बाप तिच्याकडे न बघता बोलला. म्हणाला, डॉक्टर छान म्हणाल्या. तू खूश होशील असं वाटलं. मग एकदा छान म्हटल्यावर पुढचा फोटो तसाच कसा पाठवणार. पुढचा आणखी बरा दिसायला हवा. आणि बोलता बोलता जे खरं होतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुझा तसला फोटो कुणाच्या फोनमध्ये पडून राहावा, हे मला बघवेना गं."

"तुला बघवत नाही," साय म्हणाली आणि आत गेली.

तो महिना घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. गोळीने सायचे ओठ उभे फुटले, जांभई आली तर रक्त यायचं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे उसळी आली आणि जे काही कातडीखाली दडून बसलं होतं ते एकदम वर आलं. डोळ्यांखाली, मानेवर, छातीवरसुद्धा. अभ्रा रोज बदलावा लागायचा. बाप तिच्यासमोर यायचं टाळायचा. कधी बाथरूमच्या फळीवर ओठांना लावायच्या मलमाची नवी डबी दिसायची, कधी नवे पांढरे अभ्रे. कुणी आणले ते तो सांगत नव्हता आणि साय विचारत नव्हती. आरसा मात्र आईने परत लावला. साय त्यात रोज सकाळी बघायची, अगदी नीट, सगळं. शिसारी यायची. तरी बघायची.

फोटोच्या दिवशी आईने खिडकीचा पडदा बाजूला केला आणि फोन हातात घेऊन हाक मारली. साय चपला घालत होती.

"बाबा काढेल," ती म्हणाली.

आई म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का तुझं. साय म्हणाली, आहे.

दुपारची वेळ होती, स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. बाप एका लग्नाच्या फोटोंवर काम करत बसला होता. मुलगी दारात दिसल्यावर तो उभा राहिला. ती काही न बोलता पांढऱ्या कागदापुढच्या स्टुलावर जाऊन बसली. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने कॅमेरा घेतला आणि नेहमीप्रमाणे दोन छत्रीचे दिवे समोर ओढले.

"ते नको," साय म्हणाली. लहानपणापासून ती याच खोलीत कागद कापत वाढली होती. समोरचा मऊ उजेड सगळं झाकतो आणि बाजूचा एकटा दिवा सगळं उघडं पाडतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. सोनार दागिने घेऊन आला की बाप तोच दिवा लावायचा, नक्षीचा कण न् कण उठून दिसावा म्हणून. ती उठली, तो दिवा ओढत आणला आणि डाव्या गालाला अगदी लागून ठेवला.

"अगं, यात फार वाईट दिसेल."

"दिसू दे."

त्याने फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. हनुवटी खाली घे म्हणायचं तो या वेळी विसरला. मग कॉम्प्युटरपाशी बसला आणि साय त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. पडद्यावर डावा गाल आला. ती म्हणाली, मोठा कर. त्याने केला. अजून मोठा, ती म्हणाली. आता पडदाभर नुसती कातडी होती. बाजूच्या उजेडात प्रत्येक गाठीला तिची सावली होती. सुजलेले लाल कडे, मध्ये पिवळी टोकं, एका खपलीच्या कडेने पाझरलेलं चकाकतं पाणी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध ते तीन खड्डे, ओल्या मातीत बोट रुतवावं तसे. बापाने मान फिरवली आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागला.

"किळस येते ना?" सायने विचारलं.

नाही म्हणाला असता तर ती निघून गेली असती.

"हो," तो म्हणाला.

"मलाही येते. मी रोज बघते."

बापाने मान परत पडद्याकडे वळवली. बघत राहिला. आणि बघता बघता त्याचा हात माऊसवर गेला, आपोआप, सवयीने, आणि पडद्यावरचा बाण बदलून त्याचं डाग पुसायचं छोटं वर्तुळ झालं. ते वर्तुळ सर्वांत मोठ्या गाठीवर जाऊन थांबलं. बापाला एकदम कळलं की आपला हात कुठे आहे. चटका बसल्यासारखा त्याने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"तीळ शोध," साय म्हणाली.

तो पुढे वाकला. नाकाच्या बाजूने, खाली, परत वर. एका काळपट टोकावर थांबला, पण ती वाळलेली खपली होती. आणखी एकावर थांबला, तेही नव्हतं. काचेतल्या फोटोत तो तीळ त्याने हजारदा बघितला असेल, डोळे मिटून जागा सांगितली असती. आणि आता पडद्यावर त्याला तो सापडेना. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

मग तो खुर्चीवरून उठला. साय मागे सरकणार होती, पण सरकली नाही. त्याने गिऱ्हाइकाची धरतो तशी तिची हनुवटी दोन बोटांनी धरली, डावा गाल दिव्याकडे वळवला आणि वाकून अगदी जवळ तोंड आणलं. त्याला औषधाचा वास आला, आणि त्याखालचा दुसराही. त्याचं नाक आक्रसलं. तिने ते बघितलं. बोटाला कुठेतरी ओलं लागलं, तरी त्याने हनुवटी सोडली नाही. तो इंचाइंचाने गाल बघत गेला. एकेक गाठ, एकेक खड्डा. नाकाच्या बाजूला एक गाठ फुगून कातडी वर ताणली गेली होती, आणि तिच्या पायथ्याशी, सुजेत अर्धा बुडालेला, मोहरीएवढा तीळ होता.

"सापडला," तो म्हणाला.

"मग पाठव आता," साय म्हणाली.